यूपीआय लाइट: रोजच्या किरकोळ खर्चासाठी चालू कराच

दादरच्या फुलबाजारात सकाळच्या गर्दीत पिन टाकत उभं राहणं नको वाटतं. यूपीआय लाइटने, म्हणजे यूपीआय अ‍ॅपमध्येच आधी थोडे पैसे भरून ठेवायच्या पाकिटाने, ती कटकट मिटवली. पाव किलो झेंडू घेतला, क्यूआर स्कॅन केला, पैसे गेले. पिन नाहीच. २०२२ साली आलेली ही सोय आता एका वेळी १,००० रुपयांपर्यंत चालते, शिल्लक ५,००० पर्यंत ठेवता येते.

मला सगळ्यात आवडलं ते पासबुक. पूर्वी वडापाव, चहा, कोथिंबिरीच्या नोंदींतून विम्याचा हप्ता शोधावा लागायचा. आता लाइटमध्ये पैसे भरल्याची तेवढी एक ओळ दिसते. पिन नसल्यामुळे फोनला लॉक मात्र हवाच, लोकलने जाणाऱ्यांनी तर विसरूच नये. मी हजाराच्या वर भरत नाही; आईच्या फोनवर पाचशेच.