बीएस्सी संख्याशास्त्र की डेटा सायन्स?

भाची दोन्ही कॉलेजांची माहितीपत्रकं घेऊन माझ्याकडे सदाशिव पेठेत आली. पॅकेजचे आकडे बाजूला ठेव, म्हटलं, बाकीचं बघू.

फी: अनुदानित तुकडीतलं संख्याशास्त्र बरंच स्वस्त पडतं. डेटा सायन्स बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित.

मेहनत दोन्हीकडे आहे, पण वेगळी. संख्याशास्त्राच्या प्रॅक्टिकलला काय-स्क्वेअरचं (आकड्यांतला फरक निव्वळ योगायोग आहे का ते तपासणाऱ्या चाचणीचं) टेबल उघडून कॅल्क्युलेटरवर आकडेमोड करावी लागते. कंटाळा येतो, पण निष्कर्षावर किती विश्वास ठेवायचा हे तिथेच अंगी मुरतं. डेटा सायन्सवाले पायथन (प्रोग्रॅमिंगची भाषा), एसक्यूएलवर (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) लवकर हात बसवतात, म्हणून हिंजवडी-खराडीतली पहिली नोकरी त्यांना सोपी जाते. पायथन नंतरही शिकता येतं. सिद्धता नंतर शिकणं मला तरी फार अवघड गेलं.

सरकारी वाट: यूपीएससीच्या भारतीय सांख्यिकी सेवेसाठी पदवीला किंवा पदव्युत्तर पदवीला संख्याशास्त्र हा विषय हवा, वय 21 ते 30. डेटा सायन्सच्या पदवीवर हे गृहीत धरू नये, विषयांची यादी तपासावी. औषधचाचण्या, विमा इथेही संख्याशास्त्राला मान आहे.

तीन वर्षांत कमवायचंच असेल आणि कोडिंग आवडत असेल, तर डेटा सायन्स. एमएस्सी, संशोधन किंवा सांख्यिकी सेवा डोक्यात असेल, तर संख्याशास्त्रच घ्या, सोबत आर (R) ही आकडेमोडीची प्रोग्रॅमिंग भाषा शिका.