लायक्राचा झोपाळा: कापडाला पैकीच्या पैकी, हुकाला भोपळा

मुलांसाठी 'सेन्सरी स्विंग' म्हणून, म्हणजे अंगाला दाब आणि झोका मिळावा म्हणून, जो लायक्राचा (ताणल्या जाणाऱ्या कापडाचा) झोपाळा ऑनलाइन मिळतो, त्याबद्दल लिहितोय. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. एकच माल वेगवेगळ्या नावांनी विकला जातोय, खोका तोच, फोटोतलं गोरं बाळही तेच. किंमत अडीच हजारांच्या आतबाहेर. माझा नाशिकला अंबडमध्ये फॅब्रिकेशनचा छोटा कारखाना आहे, त्यामुळे लोखंडाबद्दल जरा जास्तच बोलणार, आधीच सांगतो.

आमची मुलगी पाच वर्षांची. दिवसभर पळणार, सोफ्यावरून उड्या मारणार, भिंतीला मुद्दाम धडकणार, आणि फ्रॉकच्या मागचं लेबल मानेला लागलं तरी घर डोक्यावर घेणार. नखं कापायची म्हणजे दोघांनी धरायचं, तिसऱ्याने कापायची. ऑक्युपेशनल थेरपी सुरू आहे, म्हणजे मुलाला रोजची कामं जमावीत म्हणून दिलेले उपचार. आम्ही सगळे पालक या थेरपीला 'ओटी'च म्हणतो. तिथल्या मॅडमनीच घरी असा झोपाळा बांधा म्हणून सांगितलं. वर हेही बजावलं, "हे औषध नाही हं. मी सांगेन तसा आणि तेवढाच वापरायचा."

कापड उत्तम आहे. दुहेरी थर आहे, मूल दोन थरांच्या मधे शिरतं. ताण फक्त आडवा येतो, उभा नाही, आणि हे फार महत्त्वाचं. चारही बाजूंनी ताणलं जाणारं कापड मूल बसल्यावर थेट फरशीला टेकतं. हे टेकत नाही, अंगाला घट्ट धरून राहतं. शिलाई नीट तपासली, दोरी जिथून निघते तिथे तिहेरी टीप आहे. बायको शिवणकाम करते, तिने उलटसुलट करून पाहिलं आणि "बरं शिवलंय की" म्हणाली. तिच्याकडून एवढी दाद सहसा मिळत नाही.

आईचं मत वेगळं. खोका उघडताना ती शेजारीच बसली होती. "अरे, अडीच हजार कशाला घातलेस? माझ्या नऊवारीची झोळी बांधून दिली असती." आमच्या सिन्नरच्या जुन्या घरात कडीपाटाला झोपाळ्याच्या कड्या होत्या, आम्ही सगळी भावंडं झोळीतच वाढलो, त्यामुळे तिचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. तान्ह्या बाळाला झोळी छानच. पण सुती कापड वजनाने खाली जातं, अंगाला दाबत नाही. पाच वर्षांच्या पोरीला हवा असतो तो सगळीकडून सारखा दाब. तो हिला इतका लागतो की एरवी ती गादीखाली शिरून बसते. आईनेही मग कापडात हात घालून पाहिला आणि "हं, हे आवळतं खरं," एवढं कबूल केलं.

आता हूक. खोक्यात एक उघड्या तोंडाचा हूक, दोन प्लास्टिकचे प्लग, एक कॅराबिनर (स्प्रिंगच्या झडपेने बंद होणारी कडी) आणि एक भोवरकडी येते. खोक्यावर छापलंय, क्षमता 150 किलो. मी तो हूक कारखान्यात नेला, चेन ब्लॉकला (माल उचलायच्या साखळीच्या कप्पीला) अडकवला आणि खाली सिमेंटच्या दोन गोण्या टांगल्या, म्हणजे 100 किलो. गोण्या थोड्या उचलून सोडल्या, झोका दिल्यासारख्या. मग बारीक माप घ्यायचा व्हर्नियर लावला. हुकाचं तोंड 11 मिलिमीटरचं 14 झालं होतं. तुटला नाही, पण उघडायला लागलेला हूक मी माझ्या मालाला लावत नाही, पोरीला कुठून लावणार?

कुणी म्हणेल, मूल तर 18 किलोचं. बरोबर, पण टांगलेलं वजन आणि झोका घेणारं वजन एक नसतं. झोका 60 अंशांपर्यंत वर गेला, तर खाली येताना दोरीवर वजनाच्या दुप्पट ताण येतो. सुट्टीत मामेभाऊ आले की तिघं एकदम आत घुसतात. करा हिशेब. कॅराबिनरवर किलोन्यूटनचा, म्हणजे तो किती ताण सोसतो त्याचा, आकडा कोरलेला नाही, चांगल्या मालावर तो असतोच. भोवरकडी मात्र ठीक निघाली, बेअरिंग गुळगुळीत फिरतं.

कस्टमर केअरला व्हर्नियरच्या फोटोसकट लिहिलं. उत्तर आलं, "सर, प्रॉडक्ट टेस्टेड आहे", आणि पुढच्या खरेदीवर दहा टक्के सूट. पुढच्या खरेदीवर! बरं.

मी शेवटी 6 मिलिमीटरची पट्टी घेतली, चार भोकं पाडली, 12 च्या सळईचा यू वाकवून त्यावर बंद वेल्ड मारला आणि स्लॅबला चार एम-10 अँकर फास्टनरनी, म्हणजे काँक्रीटच्या भोकात फुगून घट्ट बसणाऱ्या बोल्टांनी, बसवला. भोक पाडल्यावर आतली भुकटी फुंकून काढली नाही तर फास्टनर धरत नाही, हे मिस्त्रीला उभं राहून करायला लावा. प्लॅस्टरच्या जाडीला ताकद नसते, फास्टनर काँक्रीटमध्ये गेला पाहिजे. ड्रिल लावण्याआधी वायरिंगचा पाइप कुठून गेलाय ते इलेक्ट्रिशियनला विचारा. पीओपीच्या छताला काहीही टांगू नका. पंख्याच्या हुकालाही नाही, तो पंख्यासाठी आहे. भाड्याच्या घरात असाल आणि मालक भोक पाडू देत नसेल, तर जमिनीवर उभा राहणारा लोखंडी स्टँड मिळतो. महाग आहे, जागा खातो, पण पाय रुंद असतील तर बरा.

खोक्यातल्या माहितीपत्रकाबद्दल बोलायलाच हवं. त्यावर 'ऑटिझम आणि एडीएचडीवर सिद्ध उपाय' असं ठोकून दिलंय. मी मॅडमना वाचून दाखवलं तर त्यांनी कपाळाला हात लावला. झोका, दाब, स्पर्श यांतून मुलांवर उपचार करायची ही सगळी कल्पना अमेरिकेतल्या जीन एअर्स या ऑक्युपेशनल थेरपिस्टबाईंची, 1972 साली त्यांचं पुस्तक आलं. आतल्या कानातून येणारी तोलाची जाणीव, स्नायू-सांध्यांतून येणारी जाणीव आणि स्पर्श यांचा मेंदूत मेळ बसला नाही तर मुलाचं वागणं आणि शिकणं अडतं, असा त्यांचा विचार. पण 2012 मध्ये अमेरिकेतल्याच बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सांगितलं की या थेरपीचा पुरावा अजून तोकडा आहे, पालकांना तसं स्पष्ट सांगा आणि उपयोग होतोय का ते तपासत राहा. मॅडमनी आम्हाला पहिल्याच दिवशी हे सांगितलं होतं. माझा त्यांच्यावर विश्वास बसला तो तिथेच. खात्रीचा शिक्का मारून देणाऱ्यापेक्षा असं सांगणारा माणूस मला बरा वाटतो.

ओटी म्हणजे हल्लीचं परदेशी फॅड, असं आमच्या नात्यात बरेच जण म्हणतात. त्यांच्यासाठी: मुंबईच्या केईएम रुग्णालयात 1950 साली कमला निंबकरांनी ओटीचं शिक्षण सुरू केलं. बाई जन्माने अमेरिकन, लग्नाने निंबकर.

वापराबद्दल मॅडमनी जे सांगितलं, ते माहितीपत्रकात एका ओळीनेही नाही. सरळ रेषेतला, सावकाश झोका मुलाला शांत करतो. गरागरा फिरवलं की उलट चेव येतो, आणि त्याचा परिणाम बराच वेळ टिकतो, म्हणून झोपायच्या आधी फिरवणं बंद. चेहरा पांढरा पडला, घाम फुटला, मळमळ झाली की लगेच थांबायचं. फिट येणाऱ्या मुलाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय बसवायचं नाही. एकटं सोडायचं नाही, रात्री त्यात झोपवायचं नाही. मूल "पुरे" म्हणालं की पुरे. आणि झोक्याच्या जोडीला जोर लावायची कामं. आमच्याकडे ती तांदळाचा डबा ओट्यापासून फडताळापर्यंत ढकलत नेते, आजीबरोबर कणीक तिंबते, बागेला पाण्याची बादली ओढते. याला एक पैसा लागत नाही, आणि खरं सांगू, मला झोपाळ्याइतकाच याचाही गुण वाटतो.

फरक काय पडला? जेवायच्या आधी झोका घेतला की ताटावर टिकते, अर्धी पोळी तरी बसून खाते. शाळेत फारसा फरक नाही. लेबलं अजून कापूनच टाकावी लागतात. नखांचं मात्र जमलं. ती आत गुंडाळलेली असते, फक्त एक पाऊल कापडाबाहेर. बायको खाली पाटावर बसून एकेक बोट धरते, आतून आवाज येतो, "आई, करंगळी शेवटी!" आता हे झोपाळ्याने झालं, सेशनने झालं की वय वाढल्याने, हे मॅडमनाही वेगळं काढून सांगता येत नाही.

विकत घ्यायच्या आधी एक करा. अनेक जिल्हा रुग्णालयांत डीईआयसी नावाचं, मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं केंद्र असतं, सरकारच्या बाल स्वास्थ्य कार्यक्रमातलं, 18 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, फुकट. तिथे मूल दाखवा. काही मुलांना झोका अजिबात सोसत नाही, त्यांच्यासाठी हे अडीच हजार पाण्यात.

कापडाला पाचपैकी पाच, भोवरकडीला साडेतीन, हुकाला शून्य, माहितीपत्रकाला त्याहून कमी देता आलं असतं तर दिलं असतं. नुसतं कापड वेगळं विकत असतील तर तेच घ्या, लोखंड आपल्या ओळखीच्या वेल्डरकडून करून घ्या. धुताना गार पाणी, ब्लीच नाही, उन्हात वाळवायचं नाही, नाहीतर लायक्राचा ताण जातो. आणि निळा रंग घेऊ नका. बायकोच्या दोन पांढऱ्या उशांचे अभ्रे आता आकाशी आहेत.