डस्ट कॅप राहू द्यावी की फेज प्लग बसवावा? आणि बसवायचाच तर कशाचा?

स्पीकरच्या कोनच्या मधली डस्ट कॅप (धूळ अडवणारी टोपी) कापून तिथे घरी बनवलेला फेज प्लग (मध्यात स्थिर राहणारी गोळी) बसवावा का, असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो: हा ड्रायव्हर, म्हणजे पेटीतला प्रत्यक्ष वाजणारा भाग, वर कुठपर्यंत वाजतो? 80 हर्ट्झच्या वर ज्याला काही कामच नाही अशा सबवूफरला प्लग लावला तर तो दिसतो छान, बाकी काही नाही. 2 किलोहर्ट्झच्या आसपास ट्वीटरच्या (उंच सुरांच्या छोट्या ड्रायव्हरच्या) हाती सूत्रं देणाऱ्या वूफरमध्ये फरक पडतो, पण कान टवकारून ऐकावं लागतं. ट्वीटरशिवाय एकट्याने सगळा पट्टा वाजवणारा फुल-रेंज ड्रायव्हर असेल तर मात्र पुढचं वाचण्यात अर्थ आहे.

कारण साधं आहे. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे 343 मीटर. म्हणजे 1 किलोहर्ट्झची तरंगलांबी 34 सेंटिमीटर आणि 10 किलोहर्ट्झची जेमतेम साडेतीन. 25 मिलिमीटरची टोपी 34 सेंटिमीटरच्या लहरीच्या खिजगणतीतही नसते. साडेतीन सेंटिमीटरच्या लहरीला मात्र ती आडवी येते. तिची खळी, तिचा डिंक, तिच्याखाली कोंडलेली हवा, सगळं ऐकू यायला लागतं. टोपीसारखा प्लग कोन हलवणाऱ्या कॉइलसोबत हलत नाही. तो पोल पीसवर, म्हणजे कॉइलच्या आतल्या लोखंडी खांबावर, घट्ट बसलेला असतो आणि कोन त्याच्याभोवती मागेपुढे होतो, त्यामुळे हलणाऱ्या टोपीचे स्वतःचे नखरे संपतात.

(हॉर्नच्या कॉम्प्रेशन ड्रायव्हरमध्येही फेज प्लग असतो, पण तो वेगळा प्राणी. वेंट आणि थुरास यांनी बेल लॅब्जमध्ये घडवलेल्या, 1926 च्या वेस्टर्न इलेक्ट्रिक 555 पासून तो चालत आला आहे आणि पडद्याच्या प्रत्येक भागातून निघालेला आवाज हॉर्नच्या घशाशी एकाच वेळी पोचवणं हे त्याचं काम. तो घरी करायच्या फंदात पडू नये.)

कॅप काढल्याने बेस जातो अशी एक भीती असते. हिशेब करून बघू. 6.5 इंची ड्रायव्हरचं प्रभावी क्षेत्रफळ साधारण 130 चौरस सेंटिमीटर आणि 25 मिलिमीटर कॉइलच्या आतलं वर्तुळ सुमारे 5. म्हणजे 4 टक्के क्षेत्र गेलं, जेमतेम एक तृतीयांश डेसिबल. हलणारं वजन 12 ग्रॅम असेल आणि कॅप अर्ध्या ग्रॅमची, तर वजनही 4 टक्क्यांनीच घटतं आणि तूट जवळजवळ भरून निघते. रेझोनन्स, म्हणजे कोनचा स्वतःचा नैसर्गिक सूर, 50 हर्ट्झवरून 51 वर जाईल. बेसची खरी काळजी वेगळीच आहे: प्लग आणि कॉइलचा फॉर्मर (कॉइल जिच्यावर गुंडाळलेली असते ती नळी) यांच्यामधल्या फटीतून हवा गळते. बंद किंवा पोर्टेड (हवेसाठी भोक असलेल्या) पेटीत जास्त आवाजाला हीच फट फुसफुसते. फट मोठी ठेवली तर गळती, बारीक ठेवली तर घासण्याचा धोका. घरगुती प्लगचं सगळं दुखणं या अर्ध्या-पाऊण मिलिमीटरमध्ये आहे.

आता पर्याय. पहिला, कॅप तशीच ठेवायची आणि वरच्या सुरांतला उंचवटा क्रॉसओव्हरमधल्या (ड्रायव्हरांत सूर वाटून देणाऱ्या सर्किटमधल्या) नॉच फिल्टरने किंवा डीएसपीने, म्हणजे डिजिटल प्रक्रियेने, खाली दाबायचा. हा पर्याय लोकांना कंटाळवाणा वाटतो, पण परत फिरता येतं असा हा एकटाच. समोर बसून ऐकणाऱ्याचं बऱ्याचदा यानेच भागतं. कमी पडतो तो बाजूला. फिल्टर सगळ्या दिशांना सारखाच कापतो, आणि कॅपचा गोंधळ समोर एक आणि तीस अंशांवर दुसराच असेल तर एका ठिकाणी सुधारताना दुसरीकडे बिघडतं.

कॅप काढून भोक तसंच उघडं ठेवायचं, असाही एक आळशी पर्याय सुचतो. नको. पोलपर्यंत 15 मिलिमीटर खोल आणि 25 मिलिमीटर रुंद असा तो डबा नळीसारखा वाजतो, आणि त्याचा सूर बरोबर 4 किलोहर्ट्झच्या आसपास पडतो, जिथे कान सर्वात तिखट असतो. प्लग मुळात ही पोकळी भरायलाच हवा असतो.

लाकडी प्लग लेथवर कातता येतो. लेथ नसेल तर दांडक्याचा तुकडा ड्रिलच्या चकमध्ये धरून सँडपेपरने आकार देता येतो, फक्त हात स्थिर हवा. लाकूड स्वतः वाजत नाही, टोकाचा आकार हवा तसा घोटता येतो, आणि दिसतंही सुरेख. पण ते फुगतं. रेषा प्लगच्या लांबीला समांतर असल्याने दमट हवेत वाढतो तो व्यासच, आणि 25 मिलिमीटरच्या प्लगमध्ये ऋतूगणिक पाव मिलिमीटरचा फरक सहज पडतो. ही वाढ दोन्ही बाजूंना वाटली गेली तरी अर्ध्या मिलिमीटरच्या फटीचा चौथा हिस्सा असा जातो, मग काय उरलं? म्हणून लाकडी प्लगचा खालचा भाग पोलच्या व्यासापेक्षा थोडा बारीकच ठेवावा आणि तळासकट सगळीकडे लॅकर द्यावं. तळ विसरला तर बाकीच्या लॅकरचा फारसा उपयोग नाही.

थ्रीडी प्रिंटेड प्लगमध्ये हा त्रास नाही. आकार बदलायचा तर फाइलमध्ये दोन आकडे बदलायचे. बुलेटसारखा टोकदार, बोथट घुमटासारखा, फॉर्मरच्या वर पाच मिलिमीटर डोकावणारा किंवा दहा, असे चार नमुने काढून प्रत्येक मोजून बघता येतो. लाकडात हे करायचं म्हणजे अख्खी सुट्टी गेली. दुबळी बाजू उष्णता. छपाईच्या प्लास्टिकांपैकी पीएलए साधारण 60 अंश सेल्सियसला मऊ पडतो, पीईटीजी 80 च्या आसपास, एबीएस शंभरच्या थोडा पुढे. घरी बेताच्या आवाजात फुल-रेंज ऐकणाऱ्याचा पीएलए प्लग टिकेल. जोरात वाजणाऱ्या वूफरच्या कॉइलशेजारी मी तो ठेवणार नाही. थरांच्या रेघांनी आवाजात फरक पडतो हे मला पटत नाही, त्या लहरींच्या मानाने फारच बारीक आहेत. आतून पोकळ छापू मात्र नये.

ॲल्युमिनियमची गोष्ट वेगळी, कारण तो विजेचा वाहक आहे. कॉइलच्या निकट वाहक धातू आला की त्यात भोवरी प्रवाह फिरतात, कॉइलचं इंडक्टन्स (उंच सुरांच्या प्रवाहाला होणारा तिचा विरोध) थोडं उतरतं आणि वरचा पट्टा किंचित उचलला जातो. तांब्यात हा परिणाम अधिक. सीस (SEAS) या नॉर्वेच्या कंपनीच्या एक्सेल मालिकेतल्या वूफरमध्ये तांब्याचा प्लग दिसतो तो नुसत्या चकाकीसाठी नाही, पण तिथे मोटरच्या आतही तांब्याच्या कड्या आहेत आणि सगळं एकत्र आखलेलं आहे. आपण बाहेरून चिकटवलेल्या गोळीकडून तेवढी अपेक्षा ठेवू नये. धातू कॉइलची उष्णता ओढतो हेही खरं, पण पोलशी पक्का सांधा असेल तरच. दुहेरी टेपवर बसवलेला ॲल्युमिनियम या बाबतीत लाकडाइतकाच. शिवाय तो तिरका बसला तर फॉर्मर खरवडून काढतो. लाकूड निदान कुरकुरून सावध करतं.

माझी निवड अशी: आकार प्रिंट करून ठरवायचा आणि कायमचा प्लग लाकडाचा करायचा. ड्रायव्हर तापणार असेल तर ॲल्युमिनियम, तोही लेथवाल्याकडून अचूक मापात करून.

काहीही कापण्याआधी मोजमाप घ्या. रूम ईक्यू विझार्ड हा आवाज मोजायचा संगणक-प्रोग्राम फुकट मिळतो. मोजणीचा मायक्रोफोन एकाच जागी ठेवून कॅपसकट, कॅपशिवाय आणि प्लगसकट असे तीन आलेख काढा, शक्य तर तीस अंशांवरूनही. बऱ्याच जणांना प्लगची म्हणून वाटलेली सुधारणा दुसऱ्या आलेखातच दिसते, मग प्लगने फक्त 4 किलोहर्ट्झचा खड्डा-उंचवटा सपाट केलेला असतो. कॅप काढताना धारदार पात्याने मध्यातून सुरुवात करा आणि कडेची दोन मिलिमीटरची रिंग राहू द्या. कॉइलच्या तारा तिच्याच आसपास चिकटवलेल्या असू शकतात. ॲसिटोनने डिंक सैल होतो खरा, पण तो कॉइलचा डिंकही ओळखतो. पोलच्या आसपास लोखंडाचा कीस येऊ देऊ नका. आला तर फुंकून निघत नाही, चिकट पुटीने टिपूनच काढावा लागतो. प्लग आधी दुहेरी टेपवर लावा, 20 हर्ट्झचा संथ सूर देऊन कोन घासत नाही ना ते ऐका, मगच इपॉक्सी.

जुना ड्रायव्हर असेल आणि त्याची कॅप आधीच चेपलेली असेल, तर एवढा विचार करायची गरज नाही. तिथे गमवायला फारसं काही उरलेलं नसतं. पण बदल दोन्ही स्पीकरमध्ये एकाच दिवशी, एकाच आकाराचा करा. एका बाजूला कॅप आणि दुसऱ्या बाजूला प्लग असेल, तर गायक मध्यात उभा राहत नाही, एका अंगाला सरकतो.