दादरचा रेकी फर्स्ट डिग्री क्लास, एका सिस्टरचा अनुभव

मी परळला ऑर्थो वॉर्डमध्ये स्टाफ नर्स आहे, चौदा वर्षं झाली. मार्चमध्ये आम्ही तिघी मैत्रिणींनी दादर वेस्टला रेकीचा, म्हणजे अंगावर हात ठेवून ऊर्जा देतात असं मानणाऱ्या जपानी पद्धतीचा, फर्स्ट डिग्रीचा (पहिल्या पातळीचा) क्लास केला, शनिवार-रविवार, दहा ते पाच, फी साडेतीन हजार. सेंटरचं नाव मुद्दाम देत नाही, का ते पुढे येईलच. पण वॉर्डातल्या बऱ्याच जणी करावा का म्हणून विचारतात त्यामुळे सगळं लिहून टाकते.

जागा रानडे रोडच्या आतल्या गल्लीत, जुनी बिल्डिंग, दुसरा मजला, लिफ्ट नाही. खोली स्वच्छ, गाद्या धुतलेल्या, चहा दोनदा, डबा आपला आपण न्यायचा. वीस जणांत सहा नर्सेस होत्या.

पहिल्या दिवशी इतिहास. जपानचे मिकाओ उसुई, १९२२ साली क्योटोजवळच्या कुरामा डोंगरावर उपास करत बसले होते तिथे त्यांना ही साधना सापडली असं सांगतात, त्यांचे शिष्य चुजिरो हायाशी हे नौदलातले डॉक्टर, आणि हायाशींकडून शिकलेल्या हवायो ताकाता बाईंनी ती जपानबाहेर हवाईत नेली. मॅडमनी छान सांगितलं, कंटाळा नाही आला. मग दीक्षा, आणि दुपारपासून प्रॅक्टिस. २४ पॉइंट, डोळ्यांपासून तळपायापर्यंत, प्रत्येकावर ३ मिनिटं हात ठेवायचे, म्हणजे पूर्ण एक सेशन सव्वा तासाच्या आसपास. घरी २१ दिवस स्वतःवर करायचं. आणि रोज सकाळी म्हणायचं, फक्त आजचा दिवस मी रागावणार नाही, फक्त आजचा दिवस चिंता करणार नाही.

आता जे अजिबात आवडलं नाही ते. दुसऱ्या दिवशी एका काकांनी विचारलं की मी इन्सुलिनवर आहे, रेकीने ते बंद होईल का, तर शिकवणारे सर म्हणाले श्रद्धेने करा, हळूहळू डोस कमी करत जा. मला राहवलं नाही. मी उभी राहून सांगितलं की काका असं काही करू नका, मी नर्स आहे, इन्सुलिन मनाने कमी केलं की माणूस कीटोअ‍ॅसिडोसिसमध्ये (रक्तात आम्ल वाढून जिवावर बेततं त्यात) कसा येतो ते मी कॅज्युअल्टीत असताना पाहिलंय, तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक युनिटसुद्धा हलवू नका. सर गप्प झाले, मग विषय बदलला. ब्रेकमध्ये काका माझ्याकडे येऊन डोसची चिठ्ठी दाखवून गेले. दोन दिवसांत मला खटकलेली ही सगळ्यात मोठी गोष्ट, आणि पाचपैकी दीड स्टार मी त्यासाठीच कापलाय.

दुसरं म्हणजे सेशनच्या आधी मेणबत्ती आणि अगरबत्ती लावा असं शिकवतात. घरी खुशाल लावा. वॉर्डात ऑक्सिजन चालू असतो तिथे काडी पेटवायचा विचारही नको, हे सगळ्या सिस्टर्सना त्यांनी वेगळं सांगायला हवं होतं.

विज्ञानाचं म्हणाल तर रेकीने कुठला आजार बरा होतो असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही. हातातून ऊर्जा जाणवते का याची परीक्षा रेकीच्याच जातीच्या थेरप्युटिक टचवर झालीय, ही पद्धत अमेरिकेत १९७० च्या दशकात डोलोरेस क्रीगर या नर्सिंगच्या प्राध्यापिकेने सुरू केली आणि तिथल्या नर्सेसमध्ये भरपूर पसरली. एमिली रोझा नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीने शाळेच्या प्रोजेक्टसाठी २१ प्रॅक्टिशनर पडद्याआड बसवले आणि माझा हात न टेकवता तुमच्या कुठल्या हाताच्या वर धरलाय ते ओळखा म्हटलं, २८० वेळा विचारलं तर ४४ टक्केच बरोबर आले, नाणं उडवलं तरी पन्नास येतात. १९९८ मध्ये ते अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये छापून आलं. मी हे वाचूनच क्लासला गेले होते आणि तरीही गेल्याचं मला समाधान आहे.

कारण एवढ्या वर्षांत माझ्या अंगावर कुणी शांतपणे हात ठेवून बसलंय असं झालंच नव्हतं. पार्टनरने डोक्यावर हात ठेवले आणि दुसऱ्या पॉइंटला मला रडूच आलं, कुणी काही विचारलं नाही, नॅपकिन दिला आणि पुढे चालू. आता नाईट संपली की सकाळची कल्याण लोकल रिकामी असते, खिडकीशी बसते, पोटावर दोन्ही हात ठेवते, श्वास मोजते, डोंबिवली येईपर्यंत. आधी घरी पोचल्यावर मुलीवर चिडायचे, ते बरंच कमी झालंय. ऊर्जा वगैरे बाजूला ठेवा, दिवसातला अर्धा तास स्वतःसाठी राखायची सवय लागली हेच माझ्यासाठी साडेतीन हजारांचं आहे.

पेशंटवर मी फार जपून करते. इनचार्ज सिस्टरना आधी विचारलं, त्या म्हणाल्या औषधं, ड्रेसिंग, राऊंड सगळं झाल्यावर आणि पेशंट हो म्हणाला तरच. मागच्या महिन्यात खुब्याचं हाड मोडलेल्या एक आजी होत्या, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन, पेनकिलर दिलेलं होतं पण रात्री दोन वाजता टक्क जाग्या, मुलगा गावाहून निघालेला. म्हटलं आजी, कपाळावर आणि खांद्यावर थोडा वेळ हात ठेवून बसू का, त्या म्हणाल्या बस गं बाई. हात धुतले, अंगठी काढून खिशात, मोडलेल्या पायाकडे आणि सलाईनच्या हाताकडे गेलेच नाही. बसायच्या आधी पल्स १०४ होती, दहा मिनिटांनी ९२. मी ते रेकीच्या खात्यावर टाकणार नाही, पेनकिलर चढायला लागलंच होतं आणि शेजारी कुणीतरी बसलं होतं, पण नऊ पेशंट असलेल्या रात्री मी एका बेडजवळ दहा मिनिटं सलग बसले ती फक्त हे शिकले म्हणून, नाहीतर उभ्याउभ्या झोपा आजी म्हणून पुढे गेले असते.

पाचपैकी साडेतीन. सेकंड डिग्रीचे सात हजार सांगताहेत, दुरून रेकी पाठवायला शिकवतात त्यात, ते मला नकोय. तुम्ही कुठल्याही सेंटरला जाणार असाल तर पैसे भरायच्या आधी फोन करून एवढंच विचारा की इन्सुलिनवरचा पेशंट आला तर त्याला काय सांगता, आणि डॉक्टरांना विचारून काय ते करा असं उत्तर आलं तरच नाव नोंदवा.