स्टारड्यू व्हॅली आणि तिची विकी : आठ महिन्यांच्या वापरानंतर

१ जूनला मासेमारीबंदी लागते आणि आमची होडी ३१ जुलैपर्यंत झापांखाली जाते. २०२४ च्या जूनमध्ये मालवणात पाऊस असा काही धरून बसला होता की आठवीतल्या भाच्याने मला फोनवर स्टारड्यू व्हॅली हा शेती-मासेमारीचा खेळ खेळायला बसवलं. तेव्हापासून हे लिहीपर्यंत, म्हणजे फेब्रुवारी २०२५ पर्यंत, खेळतेच आहे. पण हा अनुभव खेळाबद्दल कमी आणि त्याच्या विकीबद्दल जास्त आहे. खेळणाऱ्यांनीच लिहिलेली, खेळणाऱ्यांनीच जपलेली ही नेटवरची माहिती मी या आठ महिन्यांत जवळजवळ रोज उघडली आहे.

हा खेळ स्वतःहून फारसं काही सांगत नाही. स्प्रिंग, समर, फॉल, विंटर असे चार ऋतू, एकेक २८ दिवसांचा. कॅटफिश नदीत लागतो तो स्प्रिंग आणि फॉलमध्ये, तेही पाऊस असेल तरच. तारली, म्हणजे खेळातली सार्डिन, समरमध्ये समुद्रात लागतच नाही. ट्यूना, आमचा कुपा, समर आणि विंटरमध्ये, सकाळी सहा ते संध्याकाळी सात. हे ठाऊक नसेल तर गळ टाकून नुसतं बसायचं. स्प्रिंगचा शेवटचा पाऊस हुकला तर नदीतल्या कॅटफिशसाठी अख्खा समर जाऊ द्यावा लागतो. म्हणून कुणीतरी लिहिलेली ओळ बरोबर असणं इथे फार महत्त्वाचं.

ती बरोबर नसली की काय होतं ते जुलैमध्ये कळलं. भाच्याने कुठल्याशा एका गाइडमध्ये वाचलं की विलीच्या, म्हणजे खेळातल्या कोळ्याच्या, दुकानातून खेळातल्या दहा हजारांना फिश स्मोकरची, म्हणजे मासे धुरावायच्या यंत्राची, कृती घ्या, मासा धुरावला की किंमत दुप्पट. पोराने चार दिवस मासे मारून, एकही बियाणं न घेता दहा हजार साठवले. पावसाने वीज गेलेली, मेणबत्ती लावून आम्ही दोघं फोनवर वाकलेलो. त्याने विलीच्या दुकानाची यादी वरून खाली सरकवली, परत वर नेली, परत खाली. मग म्हणाला, "मावशे, हयसर ता नाय गो." चेहरा इतका पडला होता की मलाच वाईट वाटलं.

चूक त्याची नव्हती. स्मोकर आला १.६ या आवृत्तीत. ती संगणकावर १९ मार्च २०२४ ला आली, पण फोनवर तेव्हा १.५ च चालू होती. गाइड लिहिणाऱ्याने खोटं काहीच लिहिलं नव्हतं, फक्त कुठल्या आवृत्तीबद्दल बोलतोय ते सांगितलं नव्हतं.

त्या रात्री विकीवर स्मोकरचं पान उघडलं. अगदी तळाशी 'हिस्टरी' नावाचा छोटा भाग असतो, तिथे एकच ओळ : १.६ मध्ये आला. माझ्या मते साऱ्या विकीतला सगळ्यात मोलाचा भाग हाच. कुठल्या आवृत्तीत काय आलं, काय बदललं, हे पानोपानी असं नोंदवलेलं असतं. तेव्हापासून मी कुठलंही पान आधी तळापासून वाचते. माझे वडील मासळीबद्दल काहीही सांगताना हेच करतात. अमुक ठिकाणी जाळं टाका, एवढं म्हणून थांबत नाहीत, लगेच पुढे येतं, "ह्या उधाणाचा, भांगाक चलाचा नाय." पुनवेच्या, म्हणजे उधाणाच्या पाण्याची गोष्ट अष्टमीच्या, म्हणजे भांगाच्या मंद पाण्याला सांगून भागत नाही, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

खेळ मराठीत नाही, विकीही नाही. म्हणून ऑगस्टमध्ये भाचा, त्याचे तीन मित्र आणि मी मिळून मराठी नोंदींची एक शीट सुरू केली. मासे, पिकं, कोणाला कुठली भेट आवडते. प्रत्येक ओळीला तीन जादा रकाने : आवृत्ती, कुणी तपासलं, कधी तपासलं. पोरांना तो तिसरा रकाना कटकटीचा वाटायचा. स्ट्रॉबेरीचं बी एग फेस्टिव्हलला, स्प्रिंगच्या १३ तारखेला मिळतं, यात तारीख कशाला टाकायची, असा वाद दोन संध्याकाळी चालला. मी ऐकलं नाही.

४ नोव्हेंबरला फोनवर १.६ आली आणि त्या रकान्याने आम्हाला तारलं. 'ऑगस्ट, १.५' असा शिक्का असलेल्या सगळ्या ओळी पिवळ्या केल्या आणि वाटून घेतल्या. नियम एकच ठेवला : स्वतःच्या फोनवर पाहिल्याशिवाय पिवळा रंग काढायचा नाही. विकीवर आहे म्हणून उतरवलं, असं चालणार नाही. दीड महिना लागला. स्ट्रॉबेरीसारख्या कितीतरी ओळी जशाच्या तशा राहिल्या, पण त्या तशाच आहेत हेही कुणीतरी बघावंच लागतं. मासे विकण्याचा आमचा हिशेब मात्र पार उलटला. स्मोकर एका माशाला एक कोळसा खातो आणि दुप्पट किंमत देतो, तेव्हा जुना 'मासा लगेच विका' हा सल्ला खोडायची घाई सगळ्यांना झाली.

तो मी खोडू दिला नाही. चौघांपैकी एकाच्या जुन्या फोनमध्ये जागा नाही, तो अजून १.५ वरच खेळतो. त्याच्यासाठी जुनी ओळच खरी आहे. आम्ही तिच्यापुढे '१.५ पर्यंत' लिहिलं आणि खाली नवी ओळ घातली. नवी आवृत्ती आली की जुनं सगळं पुसून टाकणारी गाइड मला आवडत नाहीत. ती फक्त नवा फोन असलेल्यांसाठी उरतात.

फोनवर विकी वापरताना त्रास होतोच. लांब तक्ते आडवे सरकवावे लागतात, पावसात रेंज गेली की पान अर्धवट येतं. मी लागणारी पानं आधीच उतरवून ठेवते, पण उतरवलेलं पान तिथेच शिळं होऊ लागतं, म्हणून फाइलच्या नावात तारीख घालते. इंग्रजी कच्चं असलेल्या मुलांना ती पानं जड जातात, तिथे आमची शीट कामी येते.

तरी कुणी विचारलं तर मी विकीच सुचवेन. दुसरीकडे कुठेही, काय बदललं, कुणी बदललं आणि का, हे एवढं उघडं ठेवलेलं मला दिसलं नाही. एखादी ओळ पटली नाही तर पानाचा इतिहास उघडायचा, चर्चेच्या पानावर कुणी आधीच तोच प्रश्न विचारलाय का बघायचं. पगार नसताना लोक हे करतात, आणि खेळ २०१६ चा असूनही करतात, याचा मला मनापासून आदर वाटतो.

शीटमध्ये आता तीनच पिवळ्या ओळी उरल्यात, त्या नंतर घातलेल्या नव्या. त्यातली एक डिहायड्रेटरची, म्हणजे १.६ मध्येच आलेल्या सुकवायच्या यंत्राची : एकाच जातीची पाच फळं घातली की सुकवलेलं फळ मिळतं, द्राक्षांचे मनुके होतात. भाच्याकडे चार द्राक्षं आहेत. पाचवं मिळालं की तो ओळ पांढरी करेल.