कुंती समजून घेतलेलं मॉक ऑरेंज: दहा महिन्यांनंतर

आमच्या मिरजेच्या घराला कुंतीचं कुंपण होतं. पाऊस पडून गेला की संध्याकाळी अख्खी गल्ली घमघमायची. इंग्लंडात आल्यापासून तो वास हवाच होता. इंग्रजीत कुंतीला मॉक ऑरेंजही म्हणतात एवढं कळलं आणि गेल्या सप्टेंबरात त्या नावाचं रोप ऑनलाइन मागवून मोकळी झाले.

आलं ते फिलाडेल्फस, जात 'बेल एत्वाल'. कुंती कढीपत्त्याच्या गोतातली, हे हायड्रेंजियाच्या. दोन्हींचा वास संत्र्याच्या फुलासारखा, म्हणून नाव एकच. शास्त्रीय नाव न बघता पैसे भरले, चूक माझीच.

नोव्हेंबरात पानं झडली आणि उरल्या नुसत्या काड्या. रोप मेलं की काय म्हणून नखाने साल खरवडून पाहिली. आत हिरवं होतं. कुंतीने इथल्या बर्फात पहिल्याच हिवाळ्यात मान टाकली असती, हे मात्र ठणठणीत.

फेब्रुवारीत गुलाब छाटता छाटता त्याच तंद्रीत यालाही कात्री लावली. अर्धं झालं आणि गारा सुरू झाल्या म्हणून आत पळाले. गारांचे उपकार! याला फुलं गेल्या वर्षीच्या फांद्यांवर येतात, त्यामुळे जूनमध्ये एक बाजू पांढरीशुभ्र आणि छाटलेली बाजू नुसतीच हिरवी. छाटायचं ते फुलं संपल्या संपल्या.

फुलाला चार पाकळ्या, मध्ये पिवळे केसर आणि बुडाशी कुंकवाचं बोट पुसल्यासारखा जांभळट डाग. वास संत्र्याचा, पण त्यात किंचित अननस. संध्याकाळी स्वयंपाकघराची खिडकी उघडली की फोडणीवरही मात करतो. कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा आला होता; पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने गेला.

नावाचा शोध घेतला तर थेट इजिप्तच्या राजवाड्यात पोचले. फिलाडेल्फस म्हणजे ग्रीकमध्ये भावंडांवर प्रेम करणारा. इ. स. पू. तिसऱ्या शतकातल्या दुसऱ्या टॉलेमीची ही उपाधी, आणि झुडपाचं नाव त्याच्यावरून पडलं असं सांगतात. त्याने सख्ख्या बहिणीशी, आर्सिनोईशी लग्न केलं होतं! मुळात उपाधी तिची, त्याला ती नंतर चिकटली. म्हणजे झाड खरं तर राणीच्या नावाचं म्हणायला हवं. गंमत अशी की अशोकाच्या तेराव्या शिलालेखात यवन म्हणजे ग्रीक राजांमध्ये जो 'तुरमय' येतो, तो हाच टॉलेमी. शाळेत ती नावं घोकताना त्यातलं एक परसात येऊन बसेल असं वाटलं नव्हतं. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने 1753 मध्ये या नावावर शिक्का मारला.

पाचापैकी साडेतीन तारे. बहर जेमतेम तीन आठवडे, एरवी हे झुडूप आहे हेही लक्षात येत नाही. लहान बाग असेल तर विचार करूनच घ्या. जागा असेल तर जरूर घ्या, फक्त बसायच्या जागेजवळ लावा.

आईला व्हिडिओ कॉलवर फुलं दाखवली. फोन डोळ्यांजवळ नेऊन तिने पाकळ्या मोजल्या. "चारच? अगं, कुंतीला पाच असतात. फसवलं तुला." वास काही तिला दाखवता आला नाही.