नाणेघाट वन डे ट्रेक: इतिहासाला दोन स्टार, गोष्टीला पाच

गेल्या रविवारी पुण्याहून एका ट्रेक ग्रुपबरोबर नाणेघाट केला, ग्रुपचं नाव नाही घेत कारण पोरं चांगली आहेत. माणशी बाराशे, त्यात बस, सकाळचे पोहे आणि घाटघरला पिठलं-भाकरी. भाकरी गरम, ठेचा जाळ, जेवणाबद्दल शब्द नाही. बस मात्र दीड तास लेट, आणि रिव्हर्स वॉटरफॉलपाशी रील काढण्यात एवढा वेळ गेला की लेण्यात जेमतेम वीस मिनिटं मिळाली आणि मी तर लेण्यासाठीच आले होते.

माझी पीएचडी सातवाहनांवर आहे, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी इथे राज्य करणाऱ्या घराण्यावर, म्हणजे खरं तर नंतरच्या लोकांनी सातवाहनांचं काय केलं त्यावर. आई पाहुण्यांना "इतिहासात करतेय काहीतरी" एवढंच सांगते.

मागच्या भिंतीला राजघराण्यातल्यांचे पुतळे होते, आता पायाचे तुकडे उरलेत, पण वर ब्राह्मी लिपीत नावं आहेत. सिमुक सातवाहन, मग देवी नायनिका आणि श्री सातकर्णी. हो, नायनिका, सातकर्णीची राणी, आपण नागनिका म्हणतो ती. मोबाईलचा टॉर्च तिरका धरून अक्षरं लावत होते, त्रिशूळासारखा 'य' सापडला तेवढ्यात मागून "चला चला, बस निघतेय". बाजूच्या भिंतींवर यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापणांचे (तेव्हाची नाणी) आकडे कोरलेत, तिकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही.

आता गाईड दादा. दगडी रांजणापाशी उभं राहून म्हणाले, शालिवाहनाने, म्हणजे दंतकथेतल्या सातवाहन राजाने, पैठणला मातीचे सैनिक करून जिवंत केले, शक राजांना हरवलं, म्हणून शक ही कालगणना सुरू झाली. आता शक इ.स. 78 पासूनचा हे बरोबर, पण सातवाहन तो वापरतच नव्हते, नाशिकच्या लेण्यात सातवाहन राजा गौतमीपुत्राने स्वतःच्या राज्याचं 18 वं वर्ष लिहिलंय, शालिवाहनाचं नाव शकाला कितीतरी शतकांनी चिकटलं. म्हणून माहितीला दोन स्टार.

पण जुन्या कथेत ते मातीचं सैन्य उज्जैनच्या विक्रमाला हरवतं, दादांनी विक्रमाला गुपचूप काढून शक घातले होते! माझा अख्खा चॅप्टर त्याच्यावर आहे ओ. परतताना बसमध्ये शेजारी बसून सगळं परत रेकॉर्ड करून घेतलं आणि विचारलं, दादा ही गोष्ट कुठे ऐकली तुम्ही?

"निम्मी आजीकडून, निम्मी यूट्यूबवर."

पुढच्या महिन्यात परत जातेय, दादांचा नंबर घेतलाय.